घराबाहेरची लाकडाची भट्टी : कोणती घ्यावी आणि केवढी घ्यावी

मुलुंडच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ, १,८०० चौरस फुटांच्या जुन्या लाकडी घरात राहतात. घराभोवती बारा एकर जमीन आहे आणि तिच्यावरची ॲश जातीची बरीच झाडे किडीने उभ्या उभ्या वाळली आहेत. घर सध्या प्रोपेन वायूवर गरम होते आणि गेल्या हिवाळ्यात त्यासाठी १,२०० गॅलन प्रोपेन लागले. लाकूड आयतेच आहे, तर अंगणात लाकडावर चालणारी भट्टी बसवून तिचे गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरात आणावे, असा जावयांचा विचार आहे. विक्रेत्याने ताशी दोन लाख बीटीयूची (बीटीयू हे उष्णता मोजण्याचे तिकडचे एकक) भट्टी सुचवली आहे आणि गावातला एक शेतकरी आपली पंधरा वर्षांची जुनी भट्टी अगदी स्वस्तात द्यायला तयार आहे. यांपैकी कोणती घ्यावी, असे या गृहस्थांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की, दोन्ही घेऊ नयेत. त्याची कारणे सांगण्याआधी माझी ओळख करून देतो. मी दादरला राहतो आणि चौतीस वर्षे बॉयलरच्या धंद्यात काढली आहेत. त्यातला बराच काळ भिवंडी आणि तारापूरच्या कापड प्रक्रिया कारखान्यांत गेला, जिथे बॉयलर लाकडावर आणि भुशाच्या कांड्यांवर, म्हणजे बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात त्यावर, चालतात. माझा धाकटा भाऊ व्हरमाँट राज्यात राहतो. त्याच्या घरी अशीच भट्टी आहे आणि दोन हिवाळे मी तिच्यापुढे उभा राहून काढले आहेत. त्यामुळे जे सांगतो आहे त्यातला निम्मा भाग कारखान्यांतला आहे आणि निम्मा त्या बर्फातला.

सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे. त्यामुळे घर गरम ठेवण्याची यंत्रणा निवडणे हा मुंबईकराच्या सवयीचा विषय नाही. पण ही भट्टी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ज्यांनी तांब्याचा बंब पाहिला आहे त्यांनी तिचे तत्त्व पाहिलेलेच आहे. बंबात मधल्या उभ्या नळीत ढलप्या जळतात, नळीभोवतीच्या पोकळीत पाणी तापते, वरून गार पाणी ओतले की बाजूच्या नळातून गरम पाणी येते. घराबाहेरची भट्टी म्हणजे पत्र्याच्या छोट्या खोलीत बसवलेला आडवा, मोठा बंब. तिच्या जाळपेटीत हातभर लांबीचे ओंडके मावतात, भोवती पाचशे ते दीड हजार लिटर पाणी असते, आणि ते पंपाने जमिनीखालून घरात जाऊन, उष्णता देऊन, परत येते. बंबाप्रमाणेच हिच्यातले पाणीही वातावरणाला उघडे असते. वाफेचा दाब धरणारा बॉयलर आणि ही भट्टी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि तिची वरची श्वासनळी कोणी हौसेने बंद केली तर ती भट्टी राहत नाही, बॉम्ब होतो. आग, राख, साल आणि लाकडातले किडे हे सगळे घराबाहेर राहते, हा तिचा खरा फायदा आहे. शेकोटीसमोर बसण्याची मजा मात्र तिच्यात नाही.

बंबाचीच आणखी एक आठवण इथे उपयोगाची आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीत बंब मागच्या गॅलरीत असे. पाणी तापले आणि आंघोळीला जाणारा माणूस अजून वर्तमानपत्रच वाचत बसला असला, की आई बंबाच्या नळीवर झाकण सरकवून ठेवी. आग दबे, आणि पाच मिनिटांत झाकणाच्या कडेने पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघू लागे, शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे आत ओढत. झाकण काढून आत पाहिले तर नळीच्या वरच्या भागाला काळा, चिकट थर दिसे. घराबाहेरच्या भट्टीबद्दल जे काही समजून घ्यायचे आहे ते बहुतेक सगळे त्या झाकणात आहे.

जुन्या पद्धतीच्या भट्टीत हेच यंत्राने होते. पाणी ८५ अंशांच्या आसपास तापले की थर्मोस्टॅट हवेची झडप बंद करतो, आग विझत नाही पण जळतही नाही, नुसती धुमसते. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी ७० ते ८० टक्के भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडणारा असतो, आणि लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्या वायूंमध्येच असते. झडप बंद असताना लाकूड तापलेले राहते, वायू सुटत राहतात, पण त्यांना जळायला हवा नसते. ते धूर होऊन धुरांड्यातून जातात आणि वाटेत पाण्याने थंड राखलेल्या पोलादी भिंतींवर डांबरासारखे बसतात. भट्टीचा मालक त्या काळात लाकूड जाळत नसतो, लाकडाचा अर्क शेजाऱ्याच्या अंगणात सोडत असतो. म्हणून भट्टी भरपूर जळताना कशी वागते याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण भरपूर हवा मिळाली की वाईट भट्टीही बरी जळते. तिला थांबायला सांगितल्यावर ती काय करते आणि दिवसातून किती वेळ तिला थांबावे लागते, हे दोन प्रश्न खरेदीपूर्वी विचारायचे असतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात आहे, म्हणून विक्रेत्याचा आकडा बाजूला ठेवून आपण ते काढू. एका गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू, म्हणजे २६.८ किलोवॅट-तास उष्णता असते. सध्याच्या यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर १,२०० गॅलनमधून घराला प्रत्यक्षात सुमारे २७,३०० किलोवॅट-तास मिळाले. हिवाळा सहा महिन्यांचा धरला तर सरासरी मागणी सव्वासहा किलोवॅट येते. त्या भागातल्या हिवाळ्याची तीव्रता, म्हणजे बाहेरचे तापमान किती दिवस किती अंशांनी कमी राहते याची बेरीज, सुमारे ४,१७० अंश-दिवस धरली, तर बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असताना घर ०.२७ किलोवॅट उष्णता गमावते असे निघते. बाहेर उणे २३ आणि आत २१, म्हणजे ४४ अंशांचा फरक धरला, तरी ऐन कडाक्याच्या रात्रीची मागणी १२ किलोवॅटच्या आसपास राहते. या हिशेबात आंघोळीचे पाणीही आले आहे. विक्रेत्याने सुचवलेली दोन लाख बीटीयूची भट्टी मात्र ५८ किलोवॅटची आहे. म्हणजे सर्वांत थंड रात्री ती आपल्या ताकदीच्या पाचव्या भागावर चालेल, आणि हिवाळ्याच्या सरासरी दिवशी दहापैकी नऊ तास झाकण ठेवलेल्या बंबासारखी धुमसत बसेल.

मोठी भट्टी सुचवण्यात विक्रेत्याची लबाडीच असते असे मी म्हणणार नाही. घर थंड राहिले तर गिऱ्हाईक रात्री फोन करते, लाकूड जास्त लागले तर करत नाही, म्हणून प्रत्येक जण वरचे माप सुचवतो. आमच्या धंद्यातली माणसेही इथे हमखास चुकतात, आणि मीही भावाच्या घरी प्रथम चुकलो होतो. भिवंडीच्या प्रक्रिया कारखान्यात कापड रंगवण्याची यंत्रे दिवसरात्र वाफ ओढत असतात, बॉयलरला उसंत नसते, आणि मोठा बॉयलर घेतल्याचा पश्चात्ताप क्वचितच होतो. घराची मागणी मात्र तासातासाला बदलते. ऊन पडले की निम्मी होते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तर दुपारी जवळजवळ शून्यावर येते.

आता शेतकऱ्याच्या जुन्या भट्टीकडे वळू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २००७ मध्ये या भट्ट्यांसाठी ऐच्छिक योजना सुरू केली आणि २०१५ मध्ये सक्तीचे नियम आणले. १५ मे २०२० पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला. त्यानुसार नव्या भट्टीने घराला दिलेल्या दर दहा लाख बीटीयू उष्णतेमागे धुरातले सूक्ष्म कण ०.१० पौंडापेक्षा जास्त सोडता कामा नयेत, आणि चाचणी प्रत्यक्ष जळाऊ लाकडाच्या फोडींवर केली असेल तर ही मर्यादा ०.१५ पौंड आहे. पंधरा वर्षांपूर्वीची भट्टी बहुधा या मर्यादेच्या कितीतरी पलीकडची असते. न्यूयॉर्क राज्याचे स्वतःचे नियमही २०११ पासून आहेत. घरगुती मापाची नवी भट्टी जमिनीच्या हद्दीपासून किमान १०० फूट आत हवी आणि धुरांडे जमिनीपासून किमान १८ फूट उंच हवे, या त्यातल्या दोन मुख्य अटी. शेतजमिनीला वेगळी तरतूद आहे, आणि काही गावांनी अशा भट्ट्यांवर स्वतःचे निर्बंध घातले आहेत, म्हणून जावयांनी खड्डा खणण्यापूर्वी गावच्या कार्यालयात जाऊन लेखी परवानगी घ्यावी. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी ती भट्टी घेणार नाही. पंधरा वर्षे डांबर आणि आम्ल खाल्लेल्या पोलादाची जाडी बाहेरून दिसत नाही. भट्टीचे दार उघडून जाळपेटीच्या तळाच्या कोपऱ्यांत, जिथे राख ओली होऊन साचते, तिथे हातोडीने ठोकून पाहा. घन आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर किंमत शून्य असली तरी ती महाग आहे.

मग घ्यायची कोणती? ज्यांना वायुजनक म्हणजे गॅसिफिकेशन पद्धतीच्या भट्ट्या म्हणतात त्यांपैकी एक, आणि त्यातही बाजारातल्या सर्वांत लहान मापाची. या भट्टीत वरच्या पेटीत लाकूड तापून वायू सोडते, पंखा ते वायू खालच्या दिशेने एका अरुंद भोकातून उष्णतारोधक विटांच्या कक्षात ढकलतो, तिथे त्यांना तापलेली हवा दुसऱ्यांदा मिळते आणि ते १,००० अंशांच्या आसपास जळतात. मग तो वायू नळ्यांमधून पाण्याला उष्णता देत बाहेर पडतो. चांगली भट्टी ऐन भरात असताना धुरांड्याच्या तोंडाशी फक्त हवा थरथरताना दिसते. पण लक्षात ठेवा, तिलाही थांबवत-चालवत ठेवले तर विटा थंड होतात आणि पुन्हा पेटताना प्रत्येक वेळी ती काही काळ धुरकटते. ईपीएच्या यादीत प्रत्येक मान्य भट्टीची माहिती मिळते. ती पाहताना कमाल उष्णतेचा आकडा सोडून द्यावा आणि आठ तासांच्या सलग जळणातून सरासरी किती उष्णता मिळते आणि वर्षभराची कार्यक्षमता किती, हे दोन आकडे पाहावेत. जाहिरातीत छापलेली नव्वद टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता बहुतेक वेळा फक्त ज्वलनाची असते, घरात पोचलेल्या उष्णतेची नसते.

अडचण अशी की या जातीची लहानात लहान भट्टीही ३० किलोवॅटच्या आसपास असते, आणि आपली सरासरी मागणी सव्वासहा आहे. इथे मुंबईच्या बेकरीवाल्यांचे शहाणपण कामी येते. पावाच्या जुन्या भट्टीत आधी लाकूड मनसोक्त जाळतात, विटा तापल्या की निखारे बाजूला सारतात आणि मग त्या साठवलेल्या उष्णतेवर पावाच्या लाद्या भाजतात. भाजणीच्या वेळी आग दाबून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण उष्णता विटांत साठलेली असते. घरासाठी विटांचे काम पाणी करते. तळघरात २,००० लिटरची उत्तम आवरण घातलेली टाकी ठेवली आणि तिचे तापमान ५० ते ८० अंशांच्या दरम्यान खालीवर होऊ दिले, तर तिच्यात ७० किलोवॅट-तास साठतात. सरासरी दिवशी घराला त्यावर अकरा-साडेअकरा तास काढता येतात. भट्टी दिवसातून दोनदा मिळून पाच तास पूर्ण जोमाने जाळायची, दर वेळी टाकी भरायची आणि आग संपू द्यायची. सर्वांत थंड दिवशी जाळण्याचे तास नऊ-दहा होतील, एवढेच. (याच बेकऱ्यांना लाकूड आणि कोळसा सोडून गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जाण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सहा महिन्यांची मुदत दिली. दाट वस्तीत लाकूड जाळण्याबद्दल माझे मत न्यायालयापेक्षा वेगळे नाही. बारा एकरांच्या मधोमध असलेल्या घराची गोष्ट निराळी आहे, आणि तिथेही हिवाळ्याच्या निवांत रात्री धूर जमिनीलगतच्या थंड हवेच्या थरात अडकून खोलगट भागात साचून राहतो, म्हणून शेजारघर उताराच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच भट्टीची जागा ठरवावी.)

टाकीचा खर्च ऐकून पुष्कळ लोक मागे फिरतात. त्यांना मी सांगतो की टाकीचे पैसे नसतील तर एक वर्ष थांबा, पण टाकीऐवजी मोठी भट्टी घेऊ नका. आणखी एक सावधगिरी म्हणजे, लाकडाच्या कार्यक्षम बॉयलरवर अमेरिकेच्या केंद्रीय आयकरात जी ३० टक्क्यांची, कमाल २,००० डॉलरची सूट मिळत असे, ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. एखादा विक्रेता अजूनही ती वजा करून किंमत सांगत असेल तर त्याला तेवढे विचारावे.

भट्टी आणि घर यांच्यामधल्या पाइपाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसे इथे मातीत जातात, अगदी शब्दशः. भावाच्या घरी एका स्थानिक ठेकेदाराने काम केले होते. त्याने प्लास्टिकच्या दोन नळ्यांना चंदेरी बुडबुड्यांचा कागद गुंडाळला आणि त्या पन्हळीदार काळ्या पाइपात सरकवून दीड फूट खोल पुरल्या. पहिल्या हिवाळ्यात मी पोचलो तेव्हा अंगणात गुडघाभर बर्फ होता, आणि त्या बर्फात भट्टीपासून घराच्या पायथ्यापर्यंत हातभर रुंदीचा, आखल्यासारखा सरळ हिरवा पट्टा होता. जानेवारीत तिथे गवत उगवले होते. भाऊ तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवत असे. मी भट्टीच्या तोंडाशी आणि तळघरातल्या नळीवर तापमापक बांधला. तिकडे ७९ अंश, इकडे ७४. पंप मिनिटाला २५ लिटर पाणी फिरवत होता, म्हणजे एकट्या जाणाऱ्या नळीतून पावणेनऊ किलोवॅट जमिनीला जात होते. भावाच्या घराला सरासरी जेवढी उष्णता लागत होती त्याहून ते जास्त होते. वसंतात खणून पाहिले तेव्हा पन्हळीदार पाइपात पाणी भरलेले निघाले, आणि त्या पाण्यात नळ्या सुखाने पोहत होत्या.

तेव्हा पाइप कारखान्यातच बंद छिद्रांच्या फेसाने भरलेला, एकजीव आणि पाणी न शिरणारा घ्यावा, आणि वाटेत जोड देऊ नये. चांगला पाइप शंभर फुटांत एका अंशापेक्षा कमी तापमान गमावतो. त्याची किंमत भट्टीच्या किमतीच्या तुलनेत डोळ्यांत भरते, पण काटकसर करण्याची जागा ती नव्हे. नळीचा व्यासही हिशेबाने ठरवावा. टाकी भरताना ३० किलोवॅट नेण्यासाठी, जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात ११ अंशांचा फरक धरला, तर मिनिटाला सुमारे ३९ लिटर पाणी फिरले पाहिजे. एवढ्यासाठी एक इंची नळी तोकडी पडते, सव्वा इंची घ्यावी.

घरात उष्णता कशी सोडायची हे घराच्या सध्याच्या यंत्रणेवर अवलंबून आहे. प्रोपेनची गरम हवा नळकांड्यांतून खोल्यांत जात असेल तर त्या मार्गात मोटारीच्या रेडिएटरसारखी एक जाळी बसवली की काम होते. खोल्यांच्या फरशीखाली नळ्या असतील तर पस्तीस-चाळीस अंशांचे पाणीही पुरते, आणि मग टाकीतली उष्णता कितीतरी जास्त वेळ टिकते. जुन्या घरांत भिंतीच्या तळाशी गरम पाण्याचे जे लांबट पट्टे (बेसबोर्ड) असतात, ते मात्र ७० अंशांखाली रुसतात.

परतीच्या पाण्याबद्दल ठेकेदार स्वतःहून बोलत नाहीत, म्हणून ते विचारावे. भट्टीत परतणारे पाणी ६० अंशांपेक्षा थंड असेल तर लाकडाच्या धुरातली वाफ जाळपेटीच्या भिंतींवर दव धरते, त्यात आम्ल मिसळते आणि पोलाद आतून खाल्ले जाते. यासाठी थर्मोस्टॅटवर चालणारी मिश्रणाची झडप लागते, जी गरम पाण्याचा थोडा भाग परतीत मिसळून भट्टीला थंड पाण्यापासून वाचवते. पाण्याच्या बाजूलाही गंज असतोच, कारण उघड्या यंत्रणेत हवेतला ऑक्सिजन सतत विरघळत राहतो. गंजरोधक रसायन घालून वर्षातून एकदा पाणी तपासणे हे काम बॉयलरच्या प्रत्येक आगवाल्याला माहीत असते, घरमालकाला नसते. भट्टी स्टेनलेस पोलादाची आहे म्हणून ते टाळता येत नाही. काही जातींचे स्टेनलेस साध्या पोलादाइतके गंजत नसले तरी पाण्यातल्या क्लोराइडने जोडांपाशी तडकते.

आता लाकूड. वर मी लहान भट्टी आणि टाकी यांवर इतके लिहिले, पण ओले लाकूड घातले तर ते सगळे वाया जाते. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने निम्मे पाणी असू शकते. २० टक्के ओलाव्याचे लाकूड किलोमागे १४ मेगाजूलच्या वर उष्णता देते, निम्मे पाणी असलेले जेमतेम आठ. एक तर किलोमागे लाकूडच कमी असते, शिवाय त्यातली काही उष्णता पाणी उकळण्यात जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे ते पाणी आगीला १,००० अंशांपर्यंत चढूच देत नाही, मग वायुजनक भट्टी साध्या भट्टीइतकीच धुरकट होते. मुंबईत लाकडाच्या वखारीवर जुना कामगार दोन फोडी एकमेकींवर आपटून आवाज ऐकतो. टणत्कार आला तर वाळलेले, थप्प आवाज आला तर ओले. ही परीक्षा खोटी नाही, पण ओलावा मोजण्याचे छोटे विजेरीचे यंत्र जावयांनी जरूर घ्यावे. मात्र मोजताना फोड नव्याने फोडून तिच्या आतल्या ताज्या अंगावर यंत्राच्या सुया टोचाव्यात, कारण बाहेरचा पृष्ठभाग उन्हात दोन दिवसांत वाळतो आणि भलताच दिलासा देतो.

ॲश झाडांना लागलेली हिरवी भुंगेरी कीड अमेरिकेत २००२ मध्ये मिशिगनमध्ये प्रथम ओळखली गेली आणि त्यानंतर तिने ईशान्येकडच्या राज्यांत ॲशची रानेच्या राने संपवली. हे लाकूड जळणाला उत्तम आहे आणि मुळात त्यात पाणी कमी असते. तरीही उभ्या वाळलेल्या झाडाचा बुंधा, विशेषतः खालचा भाग, पुरेसा वाळलेला नसतो. तो फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळता ठेवून एक पूर्ण उन्हाळा ठेवावा लागतो. वाळलेला ॲश ठिसूळ होतो आणि तोडताना वरून फांद्या कोसळतात, म्हणून झाडे पाडण्याचे काम जावयांनी स्वतः करू नये, ते जाणकाराला द्यावे.

लाकूड किती लागेल याचाही अंदाज देतो. तिथे लाकूड कॉर्डमध्ये मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. आपल्या घराला वर काढलेल्या हिशेबाने, ७० टक्के कार्यक्षमतेच्या भट्टीत, सुमारे दहा टन म्हणजे सहा ते सात कॉर्ड वाळलेले ॲश लागेल. शेतकऱ्याच्या जुन्या भट्टीत ४० टक्के कार्यक्षमता धरली तर अकरा कॉर्ड. हा चार-पाच कॉर्डांचा फरक म्हणजे सात टनांच्या आसपास लाकूड फोडणे, वाहणे, रचणे आणि पुन्हा उचलून दारात घालणे, दर वर्षी. रंगवलेले, रसायनात बुडवलेले किंवा प्लायवूडचे तुकडे, घरातला कचरा आणि प्लास्टिक यांपैकी काहीही भट्टीत जाता कामा नये. जुन्या बांधकामातल्या हिरवट लाकडात आर्सेनिक असते आणि ते राखेत उरते.

राहिला प्रश्न गैरहजेरीचा. परदेशातली आपली मुले लग्नसराई आणि नाताळच्या सुट्टीमुळे नेमकी डिसेंबरमध्ये मुंबईला येतात, म्हणजे घराला उष्णतेची सर्वांत जास्त गरज असताना भट्टीत लाकूड घालायला कोणी नसते. म्हणून प्रोपेनचे यंत्र काढून टाकू नये. ते कमी तापमानावर लावून ठेवावे, पाणी थंड झाले की ते आपोआप सुरू होईल अशी जोडणी करून घ्यावी, आणि विमा कंपनीला भट्टीची माहिती आधीच लेखी द्यावी. बाहेरच्या भट्टीतले पाणी गोठले तर त्याचे आकारमान नऊ टक्क्यांनी वाढते आणि पोलादाचे जोड उलतात. प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळले तर गोठण्याची भीती जाते, पण पाणी थोडी कमी उष्णता वाहते आणि एवढ्या मोठ्या टाकीला ते महाग पडते. त्यामुळे भट्टी आणि जमिनीखालचा पाइप यांत ग्लायकॉल, आणि मध्ये प्लेटच्या उष्णता-विनिमयकाने (जो दोन्हीकडचे पाणी मिसळू न देता फक्त उष्णता पलीकडे देतो) वेगळी केलेली घरातली टाकी साध्या पाण्याची, अशी विभागणी मला जास्त पसंत आहे. वीज गेली तर पंप आणि पंखा थांबतात. त्यांना मिळून काही शे वॅटच लागतात, म्हणून आपल्याकडे घरोघरी असतो तसा इन्व्हर्टर पुरेसा होतो.

टाकीचे माप पक्के करण्यासाठी जावयांकडून मला दोन गोष्टी हव्यात : गेल्या हिवाळ्यातल्या प्रोपेनच्या प्रत्येक भरणीची तारीख आणि गॅलन, आणि घरात उष्णता पसरवण्याची सध्याची व्यवस्था गरम हवेची आहे की गरम पाण्याची. तळघराच्या दाराची रुंदीही मोजून कळवावी, कारण भावाच्या घरी २,००० लिटरची टाकी दाराशी येऊन अडली आणि शेवटी हजार-हजार लिटरच्या दोन बसवाव्या लागल्या.